सावलीचा करडा कसा मिसळायचा?

जलरंगात झाडाखालची किंवा खडकाजवळची सावली रंगवायला कुठला ग्रे, म्हणजे करडा, वापरता, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा एका ट्यूबचं नाव हवं असतं. पण सावलीसाठी मी तयार ग्रे घेतच नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, या दोघांतून माझ्या बहुतेक सावल्या निघतात.

बर्न्ट सिएना हा मुळात मंदावलेला नारिंगी. निळा आणि नारिंगी पूरक, म्हणजे रंगचक्रावर समोरासमोरचे, त्यामुळे एकत्र आले की एकमेकांचा भडकपणा मारतात आणि करडा उरतो. निळा वरचढ ठेवला तर थंड, म्हणजे निळसर करडा; सिएना वरचढ ठेवला तर उबदार, म्हणजे तांबूस. पाणी अगदी कमी केलं तर जवळजवळ काळा.

आता थंड कुठे आणि उबदार कुठे, हे निसर्गच सांगतो, फक्त बघायला हवं. निरभ्र दिवशी सावलीत ऊन पोहोचत नाही, पण निळ्या आभाळाचा उजेड पोहोचतोच. म्हणून आभाळाकडे तोंड असलेला सावलीचा भाग निळसर दिसतो. त्याच खडकाची खालची, जमिनीकडे वळलेली बाजू पाहा: तिथे उन्हात तापलेल्या मातीचा उजेड परतून येतो आणि करड्यात तांबूसपणा उतरतो. एकाच सावलीत दोन तापमानं! हे दिसायला लागलं की एकरंगी सावली रंगवणं जिवावर येतं.

म्हणूनच मी दोन्ही रंग पॅलेटवर पूर्ण घोटत नाही. ओल्या कागदावर निळा सोडते, शेजारी सिएना सोडते आणि त्यांना आपसात भिडू देते. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात. वाळल्यावर दिसणारा तो दाणेदार पोत मला दगडासाठी आणि वाळूसाठी फार आवडतो. मात्र ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की तो गेलाच. एकदा लावायचं आणि हात मागे घ्यायचा.

पानांच्या दाट सावलीला हे मिश्रण पुरत नाही. तिथे थॅलो हिरव्यात, म्हणजे निळसर झाकेच्या गडद हिरव्यात, थंड, गुलाबीकडे झुकणारा लाल घालते. पूर्वापार यासाठी अलिझरीन क्रिमझन वापरत आले आहेत, पण खरा अलिझरीन उजेडात फिका पडतो, म्हणून मी क्विनाक्रिडोन लाल घेते. थॅलो फार जोरकस आहे, तो थेंबाथेंबानेच घ्यावा.

पेन्स ग्रे या तयार निळसर करड्याबद्दलही विचारतात. विल्यम पेन या इंग्रज जलरंग चित्रकाराच्या नावावरून तो ओळखला जातो. हल्लीच्या बहुतेक ट्यूबांमध्ये निळ्यासोबत काळा असतो. पावसाळी ढगांना तो शोभतो, पण सगळ्या सावल्यांना तोच लावला तर त्या चित्रावर वरून चिकटवल्यासारख्या दिसतात. चित्रात आधीच वापरलेल्या रंगांतून केलेला करडा त्या चित्राचाच वाटतो.

मिश्रण हवं त्यापेक्षा थोडं गडद ठेवा, जलरंग वाळल्यावर फिका होतो. आणि करडा गढूळ होतोय असं वाटलं तर आणखी एक रंग घालून तो सुधारत बसू नका. पॅलेट पुसा, पाणी बदला आणि त्याच दोन रंगांपासून पुन्हा सुरुवात करा.