पावणेआठ विती

तिसरी-चौथीला इतिहास शिकवताना पहिली अडचण 'पूर्वी' या शब्दाची. पोरांच्या लेखी पूर्वी म्हणजे एकच गाठोडं. राम, शिवाजी महाराज आणि आजीच्या लग्नातली बैलगाडी, सगळं त्यात. ज्या पोराला शंभरापुढे मोजताना धाप लागते, त्याच्यापुढे १६३० लिहून काय उपयोग?

म्हणून मी सुतळी वापरते. एक वीत म्हणजे दहा वर्षं. आजची गाठ फळ्याच्या खिळ्याला. आपलं अख्खं आयुष्य एक वीतही भरत नाही हे दिसलं की सगळे हिरमुसतात. शिवजन्माची चिंधी बांधायला जवळजवळ चाळीस विती लागतात. सुतळी दारातून व्हरांड्यात आणि तिथून अंगणातल्या लिंबापर्यंत जाते. वीत कुणाची धरायची यावर मारामारी होते, मग माझीच धरतो. एका तपासणीत साहेबांनी विचारलं, "हे निपुणमध्ये कुठं बसतं?" निपुण म्हणजे पोरांना वाचता-मोजता यावं यासाठीची सरकारी मोहीम. त्यात हे कुठंच बसत नाही. वाचन आणि गणित मोजायला लागल्यापासून परिसर अभ्यास सावत्र पोर झालाय.

यंदा १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या आधी सुतळीवर १९४८ शोधलं. पावणेआठ विती. फळ्यापासून पहिल्या खिडकीपर्यंतसुद्धा नाही. "एवढं जवळ?" म्हणून पोरं हरखली आणि मलाही चेव आला. देश १९४७ ला सुटला तरी आपण आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यात होतो, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आपल्या लातुरातच वकिली करायचा, १३ तारखेला फौज शिरली आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला, हे सगळं आवाज चढवून सांगितलं. दोन वर्गांची पोरं चिडीचूप. असा वर्ग वर्षातून दोनदा मिळतो. खूश होते मी. गृहपाठ दिला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेव्हाचं विचारून या.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत मैदानावर नवा खेळ. फौज आणि रझाकार. चौथीतला एक मुलगा भिंतीला टेकून बसलेला.

"खेळत नाहीस?"

"मला सारखं रझाकारच करतात, मॅडम."

तक्रार नव्हती ती. सहज सांगितलं त्यानं. वर्गात मुसलमानाचा तो एकटाच.

बरं, मी आदल्या दिवशी 'मुसलमान' हा शब्दही उच्चारला नव्हता. पोरांना कुठून कळलं, हे विचारण्यात अर्थ नाही. ती गावातच राहतात. पुढच्या तासाला शोएबुल्ला खान सांगितला. हैदराबादचा पत्रकार. संस्थान भारतात आलं पाहिजे असं त्यानं छापलं, म्हणून रझाकारांनी त्याला ऑगस्ट १९४८ मध्ये मारलं. तिसरीतली एक पोर म्हणाली, "म्हणजे तो आपल्याकडून होता." आणि तिनं त्या मुलाकडे बघितलं. 'आपल्याकडून' हा शब्द कसा सोडवायचा, हे डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मग गृहपाठ वाचायला घेतला. त्याच तिसरीतल्या पोरीच्या पणजीनं सांगितलेलं: रझाकार आले की आमी ज्वारीत लपायचो, लेकराच्या तोंडावर हात धरून. आणखी दोन-तीन वह्यांत तेच. त्या मुलानं वही पुढे केली नाही. मी मागितली. त्यात दोनच ओळी होत्या. बडे अब्बा तेव्हा लहान होते. फौज आल्यावर ते तीन रात्री ज्वारीत लपले.

मला माहीत होतं. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे फौजेच्या त्या कारवाईनंतर, आपल्या भागात मुसलमानांच्या वस्त्यांवर काय झालं, त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलालांची समिती त्याच वर्षी हिंडून गेली. पण मी वाचलेलं आणि वर्गात सांगायचं, यात भिंत आहे. नऊ वर्षांच्या पोराला त्यातलं किती सांगायचं? न सांगावं, तर त्याच्या दोन ओळींचं काय? मी एवढंच म्हटलं, "यांचीही चिंधी बांधू." त्याच गाठीला दुसरी चिंधी बांधली.

तिसरीतल्या त्याच पोरीनं विचारलं, "मॅडम, मग ही दोघं ज्वारीत भेटली असतील का?"

"वेगवेगळ्या वेळी लपले असतील, बाळा."

"पण ज्वारी एकच ना?"

घंटा झाली म्हणून सुटले.

सुतळी अजून टांगलेली आहे, लिंबाकडचं टोक वानरांनी ओढून नेलं. खेळही चालू आहे. परवा बघितलं तर निम्मी पोरं शाळेमागच्या गवतात लपून बसलेली, तोही त्यांच्यात. शोधायला कोण निघालं होतं, ते मी विचारलं नाही.