पाचशेची नोट परत आली

भोसरी एमआयडीसीत मी सुपरवायझर आहे, अकरा वर्षं झाली. ज्यांच्याबद्दल सांगतोय त्यांना आपण बापू म्हणू, कारण दारू सोडणाऱ्यांच्या ज्या मीटिंगला आम्ही गेलो, नाव बाहेर काढायचं नाही हा तिथला नियमच आहे. बापू म्हणजे लेथ मशीनवरचा जुना हात, जॉबवर, म्हणजे कातलेल्या तुकड्यावर, नुसतं बोट फिरवून सांगणार की फिनिश आलं नाहीये, आणि खरंच आलेलं नसतं.

तर एका सोमवारी फर्स्ट शिफ्टला बापूंनी चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागात, तो आवळायची चावी तशीच ठेवून मशीन चालू केली. चावी उडाली आणि मागच्या पत्र्यावर आपटली. हेल्पर तिथून दोन पावलं आधीच सरकला होता म्हणून वाचला. बापू बघतच राहिले, हात थरथरत होते आणि तोंडाला तो ओळखीचा वास, कालच्या रात्रीचा का सकाळचा ते मी विचारलं नाही. मी कधीच विचारत नसायचो.

डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम मनाने बंद करायची नाही, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आठवडाभर औषधं आणि आराम. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचाही विषय निघाला पण तिथे महिनाभर राहायचं म्हटल्यावर बापू गप्पच झाले. मग डॉक्टरच म्हणाले एएच्या मीटिंगला तरी जा.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. मी हेल्पलाइनला फोन लावला, आमच्या एका कामगाराला असं असं आहे वगैरे सुरू केलं, तर पलीकडचे काका शांतपणे म्हणाले, "सोडायची कोणाला आहे? त्यांना फोन द्या." बापूंनी फोन घेतला आणि वीस मिनिटं बोलत होते. माझ्याशी वीस वाक्यं बोलले नसतील अकरा वर्षांत.

शनिवारी संध्याकाळी गेलो. पत्ता महापालिकेच्या शाळेचा, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, दोनदा गाडी पुढे नेली. शेवटी चहावाल्याला विचारलं, आता कसं विचारायचं हाही प्रश्नच, मी म्हटलं इथे कसली तरी मीटिंग असते ना, तो गाळणीतून नजर न काढता बोलला, "दारू सोडणाऱ्यांची ना? वर, डावीकडे, दुसरीचा वर्ग." बापू जिन्यात थांबले. म्हणाले साहेब, ओळखीचं कोण निघालं तर? मी म्हटलं तो पण त्याच कामाला आलेला असणार ना.

त्या दिवशी ओपन मीटिंग होती म्हणून मलाही बसता आलं, क्लोज्ड असती तर फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांनाच आत घेतात. दुसरीच्या पोरांचे बाक, गुडघे छातीशी, फळ्यावर सातचा पाढा तसाच. पंधराएक माणसं, एक रिक्षावाला खाकीतच आलेला, एक बाई, एक टाय लावलेला पोरगा. सुरुवातीला प्रार्थना झाली, जे बदलता येत नाही ते स्वीकारायला शांती दे अशा अर्थाची. मग एकेक जण उठून माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक, आणि सगळे एकसुरात नमस्कार अमुक. मला आधी हसूच आलं खरं सांगायचं तर. कोणी कोणाला उपदेश करत नाही, मध्ये बोलत नाही, आयुष्यभर सोडायची असंही म्हणत नाहीत, फक्त आजच्या दिवसापुरती. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअर ब्रोकर आणि एक डॉक्टर, दोघंही दारुडे, एकमेकांशी बोलत बोलत सुटले, तिथून हे सुरू झालं असं एकाने सांगितलं.

मग तो रिक्षावाला उठला. आधी कंपनीत होता. म्हणाला, "माझा साहेब लई चांगला होता. मी नाय आलो तर हाफ डे लावायचा, वास आला तर गेटपास देऊन घरी पाठवायचा. त्या साहेबामुळं मी पाच वर्षं जास्त पिलो." लोक हसले, तो पण हसला. मी फळ्यावरचा पाढा वाचत बसलो. सात सक बेचाळीस.

शेवटी पिशवी फिरली. मी जोशात पाचशेची नोट टाकली. मीटिंग चालवणाऱ्या काकांनी मीटिंगनंतर मला बाजूला घेऊन ती परत दिली, "तुम्ही मेंबर नाही ना, बाहेरच्यांचे पैसे आम्ही घेत नाही." बापूंचे दहा रुपये मात्र ठेवून घेतले. फी काही नाही, सोडायची इच्छा असली की झाला मेंबर. बापू काहीच बोलले नव्हते, त्यांचा नंबर आला तेव्हा नुसतं नाव सांगून खाली बसले होते, पण एकाचा फोन नंबर खिशात घेऊन निघाले.

परत येताना मोशीच्या सिग्नलला मागून म्हणाले, "साहेब, आता कधी आलो नाही तर गैरहजेरीच लावा."

मी बरं म्हटलं. गेल्या महिन्याचे त्यांचे तीन गेटपास अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, तिन्हींवर कारण माझ्याच अक्षरात आहे, पोटदुखी.