पाकिटावरच्या त्या रेघा
स्पीड पोस्टच्या पाकिटावर काउंटरवर ती काळ्या रेघांची पट्टी लावतात ना, त्यात आपला पत्ता भरलेला असतो असं आमच्या काकांचं ठाम मत आहे, पट्टी फाटली की पत्र गेलंच म्हणतात. तसं काही नसतं हो काका. आत फक्त एक नंबर असतो, पुढे दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी आयएन म्हणजे इंडिया, आणि तोच नंबर रेघांसोबत साधा छापलेला पण असतो. पाकीट कुठल्या पिनला चाललंय, वजन किती, ते सगळं कॉम्प्युटरात.

मला त्यातला नववा आकडा भारी आवडतो, कारण त्याचं काम फक्त बाकीच्या आठांवर लक्ष ठेवायचं. आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी ११ मधून वजा. समजा १०२०३०४० आहे, तर बेरीज ६१, बाकी ६, म्हणजे नववा ५ च पाहिजे (उत्तर १० आलं तर ० धरतात, ११ आलं तर ५). घाईत कोणी आकडा चुकवला तर बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो.

आणि ट्रॅकिंग म्हणजे काही जीपीएस नव्हे, जिथे कोणी स्कॅनर धरला तेवढीच नोंद. पाकीट बॅगेत गेलं की बॅगेला वेगळा बारकोड, मग वाटेत स्कॅन होते ती बॅग, त्यामुळे आपण कितीही रिफ्रेश मारलं तरी तेच ‘डिस्पॅच्ड’.

अमेरिकेत मात्र साध्या पत्रावर पण ६५ रेघांचा बारकोड असतो, चार प्रकारच्या रेघा, आणि त्यात खरंच पत्त्याचा कोड बसतो, म्हणजे काका तिथे असते तर बरोबर ठरले असते! ब्रिटनमध्ये तर रोजच्या तिकिटांवरच आता बारकोड आलाय, स्विंडनला कोणी नातेवाईक असेल तर पाकीट मागून बघा.

आपल्याकडे ४०३ ने गोवा कळतो, पुढच्या तीन आकड्यांनी पोस्ट ऑफिस. त्यानंतर ‘खुरसाकडे (म्हणजे क्रॉसजवळ), सरपंचांच्या घरामागे’ हे कुठलं मशीन वाचणार, ते पोस्टमनलाच माहीत. म्हणून पत्त्याखाली मोबाईल नंबर घालाच, आणि पावतीचा लगेच फोटो काढा, ट्रॅकिंग नंबर तिच्यावर असतो आणि तो कागद आपल्या पावसाळ्यात कधी कोरा होईल सांगता येत नाही.