भुरी आता बाजारात का येत नाही

तुम्ही माझ्या कुत्रीबद्दल, भुरीबद्दल, विचारलंत म्हणून लिहिते. दर रविवारी शेतकरी बाजारात कुणीतरी विचारतंच, "अहो, भुरी कुठंय? आणली नाहीत?" आणि मी "घरीच आहे" म्हणून पुढे सरकते. वर्ष होत आलं आता. त्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या दोन अर्ज फिरतायत, एक बाजारात कुत्र्यांना बंदी करा म्हणून आणि दुसरा अजिबात करू नका म्हणून, आणि दोन्हीवाले मलाच गाठतात. बंदी नको म्हणणारे म्हणतात मागचा अर्ज तुम्हीच लिहिला होतात ना, मग आता का मागे हटताय. बंदीवाले म्हणतात तुमच्याइतकं कुणी भोगलंय, तुमची सही सगळ्यात वर पाहिजे. मी दोन्हीवर सही केलेली नाही. का, ते एकदा नीट सांगते, कारण मेथीची जुडी हातात धरून दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाहीये.

हो, मागचा अर्ज माझाच. तीन वर्षांपूर्वी बाजार चालवणारे बोर्ड लावणार होते, 'पाळीव प्राणी आणू नयेत' असा. मी दीड पान लिहिलं, चाळीसेक सह्या गोळा केल्या. बाजार उघड्यावर आहे, हे काही हॉटेलचं किचन नाही. भटकी कुत्री तशीही फिरतातच, मग पट्ट्यातल्या, रेबीजची लस घेतलेल्या, महापालिकेचं लायसन्स काढलेल्या कुत्रीने काय घोडं मारलंय? आणि तिसरा मुद्दा, ज्याचा मला फार अभिमान होता, की अमेरिकेत लोक सर्रास कुत्री घेऊन फार्मर्स मार्केटला जातात. बोर्ड लागला नाही. मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

अमेरिकेचा मुद्दा पुढे माझ्या भाचीनेच खोडला. ती कॅलिफोर्नियात असते. तिथल्या राज्याच्या कायद्यात असं आहे की फार्मर्स मार्केटमध्ये खायच्या वस्तू जिथे ठेवल्यात किंवा विकायला मांडल्यात तिथपासून २० फुटांच्या आत जनावर आणायचं नाही, अपंग माणसांच्या सर्व्हिस डॉगला तेवढी सूट. आमच्या बाजारात २० फूट सोडले तर कुत्र्याला उभं राहायला रस्त्याच्या पलीकडे जावं लागेल. पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, माहीत असतं तरी मी लिहिलं नसतं.

बाजार मला नवा नाही. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, शेतकऱ्याला मार्केट यार्डाबाहेर थेट विकता यायला लागलं, पुण्यात ठिकठिकाणी आठवडे बाजार सुरू झाले, तेव्हापासून मी जातेय. ज्यांच्याकडून घेते ते भाऊ पुरंदरचे, सासवडच्या पुढचं गाव. पहाटे चारला टेम्पो भरून निघतात, दिवे घाट उतरून सातला गाळा मांडून तयार. भुरीला पहिल्यांदा नेलं तेव्हा नाव ऐकून म्हणाले, "ताई, भुरी तर आमच्या वाटाण्यावर पडती, तुम्ही घरात पाळली व्हय?" (भुरी म्हणजे पिकावर पडणारा बुरशीचा रोग.) आणि वहिनी हसल्या होत्या. मला वाटलं झालं, भुरी त्यांची पण झाली.

आता त्या रविवारचं. डिसेंबर होता, साडेनऊ वाजलेले, भाऊंनी अंजीर आणलं होतं त्यामुळे गाळ्यापुढे तीन पदरी गर्दी. भाऊ, वहिनी आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. ती रविवारी येते, हिशोब तोंडी करते, मोठ्या माणसांच्या आधी सांगते किती झाले ते. मी अंजिरं बघत होते, पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे, भुरी पायाशी. तेवढ्यात गर्दीतून एकाने स्कूटर घातली, हॉर्न वाजवत. भुरी मागे सरकली, मागे क्रेट. पट्टा एका बाईंच्या भाजीच्या ट्रॉलीच्या चाकात गुंतला. आणि टेम्पोखाली झोपलेला बाजारातला काळा कुत्रा उठला, भुंकला पण नाही, नुसता उठून उभा राहिला. त्याच वेळी ती पोरगी खाली पडलेली कोथिंबिरीची जुडी उचलायला वाकली, बरोबर भुरीच्या तोंडासमोर.

काही आवाज झाला नाही. भुरीने एकदाच तोंड मारलं आणि सोडलं. मुलीने जुडी आधी जागेवर ठेवली आणि मग हात फ्रॉकमागे लपवला. लपवला, म्हणजे जसं काही तिचंच चुकलं होतं.

आणि मी काय म्हणाले असेन? "काही होत नाही, तिची सगळी इंजेक्शनं झालीयेत." हेच पहिलं वाक्य. हे मी तीनदा म्हणाले, वहिनींना, मग भाऊंना, मग आजूबाजूच्या लोकांना. 'बाळा, लागलं का' हे त्यानंतर. मी किती वेळा स्वतःला समजावलंय की घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो, आणि लस झालेली आहे ही त्या वेळी खरंच महत्त्वाची माहिती होती, होतीच. पण मी ती माहिती म्हणून सांगितली नव्हती, स्वतःला सोडवायला सांगितली होती.

वहिनींनी पालेभाजीवर मारायच्या बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतलं. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं हे मला माहीत होतं, मैदानाच्या मागच्या बाजूला नळ आहे, वडापावच्या गाडीवरून साबणाची वडी घेतली आणि आम्ही तिघी तिथे उभ्या. पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात ते तेव्हा कळलं. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन ठिपके, एकातून रक्त येत होतं, धुतलं की जायचं आणि परत यायचं. डिसेंबरचं पाणी, तिची बोटं पांढरी पडली होती. तिने एकच विचारलं, "आई, गाळ्यावर पप्पा एकटेच आहेत का?" भाऊ आलेच नाहीत, येऊ शकत नव्हते, चाळीस-पन्नास जुड्या मेथी समोर होती आणि दुपारी ती कुणी घेत नाही.

भुरीला शेजारच्या गाळ्यावाल्यांनी खांबाला बांधून ठेवलं होतं, माझ्या मुलाला फोन करून न्यायला सांगितलं. आम्ही रिक्षाने हॉस्पिटलला. डॉक्टर म्हणाले रक्त आलंय म्हणजे नुसती लस नाही, जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, पण द्यावं लागेल. मी परत तेच, अहो कुत्रीची लस झालीये. ते वर न बघता म्हणाले, "तरी द्यायचंच. आणि कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवा." सीरम जखमेच्या आत आणि कडेने टोचतात. दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला मांस ते किती असणार. इतका वेळ न रडलेली ती पोरगी तेव्हा रडली. मी दाराबाहेर होते.

पुढचं इंजेक्शन तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवार, शाळा बुडवून सासवडच्या ग्रामीण रुग्णालयात. सातवा दिवस रविवार, म्हणजे वहिनी बाजारात नाहीत, भाऊ एकटे. मी रोज सकाळी फोन करायचे, "भुरी जेवली, पाणी प्यायली, नीट आहे," आणि त्या म्हणायच्या "बरं." दहा दिवस फक्त बरं. दहाव्या दिवशी भुरी ठणठणीत होती म्हणून डॉक्टरांनी चौदाव्या दिवसाचं इंजेक्शन गाळलं, अठ्ठाविसाव्या दिवसाचं तेवढं घ्यायला लावलं. तो परत रविवारच. पैसे भाऊंनी घेतले नाहीत. रिक्षाचे दिले तेवढेच.

त्यानंतर एकदा गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, भाऊ, मी दोन वर्षं तिला आणतेय, तुम्ही कधी नको का नाही म्हणालात? ते गोणपाट भिजवत होते. म्हणाले, "ताई, तुम्ही कायमचं गिऱ्हाईक. आन मुकं जनावर, त्याला काय म्हणायचं." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही लांबून दिसला की कांद्याचा क्रेट फुडं सरकवायचो अन् पाला मागं घ्यायचो. कुनी गिऱ्हाईक बघतंय, कुत्रं हुंगून गेलं म्हंतंय, मग ती जुडी परत कोन उचलत न्हाई."

मी ते दोन वर्षं बघत होते हो. आम्ही आलो की भाऊ पायाने क्रेट पुढे लोटतात, ताडपत्रीचं टोक धरून मेथी-कोथिंबीर मागे ओढतात. मला वाटायचं भुरीला उभं राहायला जागा करतायत. मी थँक्यू म्हणायचे. आणि पुढे यायचा तो कांदा, जो कुत्र्यांना विषारी असतो, म्हणून मी तिचं तोंड सारखं बाजूला ओढायचे आणि मनात म्हणायचे, यांना कसं कळत नाही.

मी दीड पानाच्या अर्जात हे धरलंच नव्हतं की टेबलं सगळ्यांकडे नसतात. निम्मा बाजार जमिनीवर बसतो. पालकाची जुडी आणि कुत्र्याचं नाक एका उंचीवर. नर कुत्रा असेल तर क्रेटजवळ पाय वर करणारच, त्याच्यासाठी तो खांबच. आमच्या व्हेटने भुरीला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध लावून दिलंय, कारण कुत्र्याच्या शीतून फीतकृमीची अंडी पालेभाजीवर जाऊ शकतात आणि माणसाच्या लिव्हरमध्ये त्याची गाठ होते. मी औषध चुकवत नाही. पण बाकीचे देतात की नाही हे मला कुठं माहितीये, आणि अर्जात मी सगळ्यांच्या वतीने लिहिलं होतं.

आणि तो भटक्या कुत्र्यांचा मुद्दा. तो काळा कुत्रा आठ वर्षं त्या बाजारात आहे, त्याने कुणाला काही केल्याचं ऐकलेलं नाही. त्याला पाय आला की उठून जाता येतं. भुरीला जाता येत नव्हतं, तिचा पट्टा माझ्या मनगटाला होता. पट्टा आहे म्हणून सेफ आहे असं मी लिहिलं होतं.

तरी मी बंदीवर सही करत नाहीये. कारण ती स्कूटर. तिच्याबद्दल कुणी अर्ज केला नाही. गाळ्यांच्या मधे पान खाऊन थुंकतात, त्यावरही नाही. आणि बंदीचा अर्ज घेऊन आले त्यातले दोघं ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा पहिला आदेश आला तेव्हापासून सोसायटीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या मागे लागलेत. तो आदेश दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल होता, २२ तारखेला कोर्टाने तो बदलला सुद्धा, लस आणि नसबंदी करून परत जागेवर सोडा म्हणून, पण तो बदल यांच्या फोनवर पोचलेला दिसत नाही. त्यांना बाजाराशी देणंघेणं नाही, ते मॉलमधून भाजी आणतात. माझ्या मनगटाशी घडलेली गोष्ट त्यांच्या हातात द्यायची माझी तयारी नाही. आणि आमच्याच बिल्डिंगमधल्या आजी, एकट्या आहेत, त्यांचा म्हातारा पॉमेरियन बरोबर असतो म्हणूनच त्या रविवारी खाली उतरतात. त्यांना मी काय सांगू? कुत्रा गेटबाहेर बांधून जा? ते तर आणखी वाईट, अनोळखी पोरं हात लावतात. कुणी म्हणतं शेवटचा अर्धा तास ठेवा कुत्र्यांसाठी. तेव्हा भाऊ उरलेली मेथी पाच रुपयाला देत असतात आणि ज्यांना तीच परवडते ती माणसं तेव्हाच येतात. मग? मला माहीत नाही. मी भुरीला नेत नाही एवढंच मी ठरवलंय आणि तेही काही रविवारी, ती दाराशी पट्टा तोंडात घेऊन बसते तेव्हा, मला चुकीचं वाटतं.

मागच्या रविवारी एक जण लॅब्रॅडॉर घेऊन आला होता, चांगला, शांत कुत्रा, मालकही सभ्य. भाऊ माझ्याशी बोलत होते, अंजिराचा बहार यंदा कसा येईल ते सांगत होते, आणि बोलता बोलता त्यांनी पायाने कांद्याचा क्रेट पुढे लोटला आणि ताडपत्रीचं टोक मागे ओढलं. त्या माणसाने हसून थँक्यू म्हटलं. मुलगी हिशोब करत होती, तिने मान वर केली नाही, फक्त डावा हात मांडीवर घेतला. मी त्याला सांगायला पाहिजे होतं. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले आणि निघाले.