तुटलेली पिन किती वेळात मिळते?

मी साचे बनवणारा माणूस. प्लॅस्टिकचे साचे, म्हणजे इंजेक्शन मोल्ड. चोवीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवायच्या कार्यशाळेत काढली, आणि त्यातला बराच काळ परदेशांत साचे मशिनवर चढवून ट्रायल देण्यात गेला. चीननंतर जगाचा कारखाना कोण होणार, ही चर्चा निघाली की लोक मजुरीचे दर काढतात. मला मात्र एक कोअर पिन आठवते, साच्यात बसवलेली पोलादाची बारीक काडी.

२०१३ साली मी उत्तर व्हिएतनाममध्ये बाक निन्हला होतो. सॅमसंगचा फोनचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे आले. त्यांतल्याच एका कंपनीकडे आम्ही चीनमध्ये बनवलेले चार साचे घेऊन गेलो होतो. तिसऱ्या दिवशी एका साच्यातली पिन तुटली. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची पिन, पण ती नाही तर झाकणाला भोक पडत नाही. मशीन उभं. प्लांट कोरा करकरीत, मुलंमुली हुशार, हाताला चपळ. पण ती पिन टर्न करून, हार्ड करून, ग्राइंडिंग करून देणारा माणूस आसपास मिळेना. शेवटी सीमेपलीकडून चीनमधून पिन आली. चार दिवस गेले. शेन्झेनमध्ये हेच काम सकाळी टाकलं तर संध्याकाळी हातात पडतं.

दहा वर्षांनी, २०२३ च्या जूनमध्ये, पुन्हा त्याच भागात गेलो. पुन्हा पिन तुटली, साचा दुसरा. या वेळी सकाळी ड्रॉइंग दिलं आणि दिवेलागणीला पिन तयार. गाळा लहानसा. दोन वायरकट म्हणजे तारेने पोलाद कापणारी मशिनं, एक सरफेस ग्राइंडर, कोपऱ्यात तांब्याच्या इलेक्ट्रोडांचा ढीग. मालक आधी आठ वर्षं एका जपानी कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. त्याने पिन पुसली, मायक्रोमीटर लावला, मला आकडा दाखवला आणि मग पिन माझ्या तळहातावर ठेवली. व्हिएतनामबद्दल माझं मत त्या क्षणी पक्कं झालं.

कारखाना पैशाने उभा करता येतो. जमीन, शेड, मशिनं, करसवलत हे सगळं सरकार आणि कंपनी मिळून दोन वर्षांत करतात. पण कारखान्यातला शिकलेला माणूस नोकरी सोडून शेजारी गाळा कधी घेतो, हे कुणाच्या हातात नसतं. तो गाळा उभा राहिला की मुळं धरली म्हणायचं.

बांगलादेशात हेच झालं. १९७९ मध्ये ‘देश गार्मेंट्स’ नावाच्या तिथल्या कंपनीने आपली सुमारे १३० माणसं दक्षिण कोरियात बुसानला दाएवू कंपनीच्या कारखान्यात शिकायला पाठवली. परतल्यावर काही वर्षांत त्यांतले बहुतेक जण बाहेर पडले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. आज त्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. पण एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली, तीही याच वाढीत. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. हे विसरून बांगलादेशच्या स्वस्ताईचं कौतुक करणं मला जमत नाही. शिवाय शिलाईतून पुढे यंत्रांकडे, साच्यांकडे जाण्याची वाट त्यांना अजून सापडलेली नाही.

मलेशियाच्या पेनांगला ती सापडली. १९७२ मध्ये तिथे मुक्त व्यापार क्षेत्र झालं, इंटेल आली आणि चिपांची जुळणी सुरू झाली. तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी पुढे चाचणीची यंत्रं, जिग्ज म्हणजे काम पकडून ठेवणारे साचे, सुटे भाग बनवणाऱ्या स्वतःच्या कंपन्या काढल्या. यात पन्नास वर्षं गेली, हे घाईत असलेल्यांनी ध्यानात घ्यावं.

मजुरीच निर्णायक असती तर इथिओपिया पहिला आला असता. जगातल्या सर्वांत कमी मजुरीत गणती होईल असे दर, आणि २०१६ मध्ये सुरू झालेलं हवासाचं औद्योगिक पार्क. तिथे मुख्यतः कपडे शिवले जायचे आणि ते अमेरिकेत बिनशुल्क जायचे. २०२० च्या शेवटी देशाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने ती सवलत काढून घेतली. कपडा, धागा, बटणं सगळं बाहेरून येत होतं. त्यामुळे सवलत गेली तसं परदेशी कंपन्यांना थांबवून ठेवणारं फार काही उरलं नाही. शिवणाऱ्या मुलींचा यात काय दोष होता?

मेक्सिकोबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये अमेरिकेला माल विकण्यात त्याने चीनला मागे टाकलं आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं त्यांचं काम अस्सल आहे. पण सुमारे ८० टक्के निर्यात एकाच गिऱ्हाइकाला जाते. ते गिऱ्हाईक रुसलं की काय, हा प्रश्न कायम डोक्यावर.

माझ्या यादीत व्हिएतनाम पहिला, तरी त्याची मर्यादाही मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच २०२३ च्या जूनमध्ये उष्णतेची लाट होती, धरणं आटली होती आणि उत्तरेकडच्या औद्योगिक वसाहतींची वीज जात होती. मोल्डिंग मशिनची वीज अचानक गेली की बॅरलमधलं, म्हणजे तापवायच्या नळीतलं वितळलेलं प्लॅस्टिक आतच अडकतं. वीज आल्यावर पुन्हा तापवायचं, पर्जिंग करायचं म्हणजे आतला खराब माल ढकलून काढायचा, काळे ठिपके थांबेपर्यंत पार्ट फेकत राहायचं. एका दिवसात तीनदा हे केलं. सरकारने नंतर मध्य भागातून उत्तरेकडे ५१९ किलोमीटरची ५०० केव्हीची नवी लाइन टाकली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती सुरूही झाली. ही तडफ मला आवडते. पण लोकसंख्या १० कोटी. जगाच्या कारखानदारीचा तीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या चीनकडे आहे, तो या खांद्यांवर मावणार नाही.

तेवढी माणसं फक्त भारताकडे आहेत. २०१४ मध्ये जीडीपीतला उत्पादन क्षेत्राचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचं ठरलं, आजही आपण त्याच्या बरेच खाली आहोत. २०२० च्या पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणाऱ्या योजनेनंतर फोनची जुळणी झपाट्याने वाढली, ते खरं यश आहे. पण माझ्या हातून गेलेल्या साच्यांपैकी बहुतेकांवर चिनी टूलरूमचाच शिक्का होता. ॲपलचे टिम कुक २०१७ मध्ये म्हणाले होते की अमेरिकेतल्या टूलिंग, म्हणजे साचे-हत्यारांच्या इंजिनिअरांनी एक खोली भरेल की नाही शंका आहे, चीनमधल्यांनी मात्र फुटबॉलची कित्येक मैदानं भरतील. आपल्याकडे टूलमेकर शिकायला चार वर्षं द्यायला तयार असलेली मुलं मला भेटतात. त्यांना गाळ्यासाठी कर्ज आणि वेळेवर बिलाचे पैसे मिळाले, तर माझी पैज भारतावर. सुटी कामं करून देणाऱ्या लहान जॉबवाल्याचं बिल सहा-सहा महिने अडकतं, तोवर नाही.

पुढच्या महिन्यात इंडोनेशियाला जायचंय. २०२० मध्ये कच्च्या निकेलची निर्यात थांबवून त्यांनी धातूचे कारखाने आपल्याकडे ओढून घेतले, तेव्हापासून तो देश पाहायचा होता. सोबत सहा साचे आहेत. पोहोचल्यावर पहिलं काम ठरलेलं आहे, जवळचा हीट ट्रीटमेंटवाला, म्हणजे पिन तापवून हार्ड करून देणारा शोधून त्याचा नंबर घ्यायचा.