तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या पोराने शाळा सोडली होती का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आत्याने विचारला, कोल्हापूरहून, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर, आवाज एकदम खाली आणून. "अगं, कळलं ते खरं का? शाळा सोडून गॅरेजात लागला म्हणे?" मग मंडळाच्या संक्रांतीला दोघींनी विचारलं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका देशपांड्यांनी विचारलं, आणि आता पोरगा पास होऊन इतकी वर्षं झाली तरी कुणाचं तरी मूल दहावी-अकरावीत आलं की मला फोन येतोच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

नाही सोडली. २०१९ च्या जूनमध्ये तो त्याच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांबरोबरच तो काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून स्टेजवर गेला आणि त्याला हायस्कूलचा तोच डिप्लोमा मिळाला जो कॅल्क्युलसवाल्यांना मिळाला. फक्त त्याच्यावर एक शिक्का जास्तीचा होता, त्याचं पुढे सांगते.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात राहतो. न्यूयॉर्क म्हटलं की लोकांना टाइम्स स्क्वेअर दिसतो, आमच्याकडे हरणं आणि बर्फ. छोटी गावं, छोट्या शाळा. आता अशा शाळेला गाड्या वर उचलायची लिफ्ट, वेल्डिंगचे बूथ, हॉटेलसारखं किचन हे कुठून परवडणार, म्हणून आजूबाजूच्या शाळा मिळून एक सामाईक केंद्र चालवतात, त्याला बोसीस म्हणतात, १९४८ पासूनची व्यवस्था आहे ही. अकरावी-बारावीची पोरं अर्धा दिवस आपल्या शाळेत इंग्लिश-इतिहास करतात आणि अर्धा दिवस पिवळ्या बसने तिकडे जातात. फी आपल्याला पडत नाही, आपली शाळा त्यांना पैसे देते. आमच्याने ऑटोमोटिव्ह घेतलं. म्हणजे आत्याला कळलेलं 'गॅरेज' हे.

आता पास होण्याचं गणित, कारण खरा प्रश्न तोच असतो. न्यूयॉर्कात डिप्लोम्याला २२ क्रेडिट लागतात, ४ इंग्लिशची, ४ सोशल स्टडीजची, ३ गणिताची, ३ सायन्सची, बाकी भाषा, आर्ट, पीटी वगैरे मिळून. त्याशिवाय रीजेंट्स नावाच्या राज्याच्या परीक्षा, आपल्या बोर्डासारख्या, पाच पास व्हायच्या, प्रत्येकीत ६५. २०१५ च्या जानेवारीत राज्याने त्यात एक दार उघडलं, त्याला फोर प्लस वन म्हणतात. इंग्लिश, गणित, सायन्स आणि सोशल स्टडीज यांची एकेक अशा चार परीक्षा सगळ्यांना द्यायच्याच, पाचवीच्या जागी मात्र इतर काही चालतं, त्यातलं एक म्हणजे मान्यताप्राप्त टेक्निकल कोर्स पूर्ण करून त्याची परीक्षा पास होणं.

हे ऐकून लोक म्हणतात, म्हणजे सूट. मला याचा राग येतो. माझ्या भावाने अकरावीला बायफोकल, म्हणजे आपल्याकडचा व्होकेशनल विषय, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, २०० मार्कांचं, त्यात त्याची दुसरी भाषा सुटली आणि बायोलॉजीही सुटलं, तेव्हा घरात कुणी त्याला सूट म्हणालं नाही, उलट काय हुशार, स्कोअरिंग विषय घेतला म्हणाले. मग इथे काय झालं? हात काळे होतात एवढंच ना?

आमचं गाडं अडलं होतं ग्लोबल हिस्टरीत. दहावीच्या जूनमध्ये ५८, ऑगस्टमध्ये परत दिली तेव्हा ६१. मेसोपोटेमियापासून शीतयुद्धापर्यंत एका पेपरात, आणि हा पोरगा असा की वाचलेलं डोक्यात राहत नाही पण एकदा हाताने खोललेलं विसरत नाही. जानेवारीत तिसऱ्यांदा द्यायची म्हणून मी ट्यूशन लावली, तासाला किती डॉलर ते सांगत नाही, लाज वाटते. आणि गंमत बघा, त्याच्या शाळेतल्या काउन्सेलरने आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही की अमेरिकन हिस्टरी पास झाला तर सोशल स्टडीजची एक परीक्षा भागते आणि ग्लोबलच्या जागी ऑटोचा कोर्स धरता येतो. ते कळलं बोसीसच्या ओपन हाउसला, त्याच्या ऑटोच्या सरांकडून, हात पुसता पुसता सहज बोलता बोलता. मी तिथेच एका टायरवर बसले.

ही टेक्निकल परीक्षा तीन भागांची असते, लेखी, प्रत्यक्ष करून दाखवायचं, आणि एक प्रोजेक्ट. प्रत्यक्षमध्ये त्याला ब्रेकचं काम होतं. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने वेगवेगळ्या ठिकाणी मोजायची, आकडे लिहायचे, कंपनीने दिलेल्या किमान जाडीशी ताडून बघायचे आणि मग सांगायचं की ही डिस्क ठेवायची की फेकायची, आणि का. घरी त्याने मला ते मायक्रोमीटर हातात दिलं, मी बी.कॉम., मला वाचता येईना, आणि ज्या पोराला मी तीन वर्षं अपूर्णांकांवरून ओरडत होते तो मला इंचाचा हजारावा भाग समजावून सांगत होता.

आता अण्णांचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये डिझेल मेकॅनिक, आयटीआय करून लागलेले. आयुष्यभर एकच म्हणायचे, माझ्या पोरांच्या नखात ग्रीस नको. त्यामुळे त्यांना मी वर्षभर सांगितलंच नाही. त्यांनाच काय, इथे गणपतीला कुणी विचारलं की मी "प्री-इंजिनिअरिंगचा काहीतरी प्रोग्रॅम आहे" असं ठोकून द्यायचे, पोरगा शेजारी उभा असताना. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मोदक घ्यायला निघून गेला. त्यानंतर मी ते वाक्य परत वापरलं नाही.

अण्णांना कळलं ते व्हिडिओ कॉलवर. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात बर्फ वितळायला, त्याने गाड्या खालून गंजून जातात, बोल्ट असे बसतात की पान्याने डोकंच गोल होतं. पोरगा ड्राइव्हवेवर माझ्या गाडीखाली अशाच एका बोल्टाशी झटापट करत होता, मी फोन तसाच धरलेला. अण्णा आधी गप्प. मग म्हणाले, "सोडवायला कशाला जातोस लगेच? आधी किंचित आवळ. मग सैल कर. परत आवळ." मी इंग्रजीत सांगितलं. त्याने तसं केलं, कर्र आवाज आला. अण्णा म्हणाले, "आम्ही रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचो." पोरगा म्हणाला आम्ही गॅसने तापवतो. पुढचा पाऊण तास मी नुसती दुभाषी, आणि निम्मे शब्द तर तसेच जात होते, बेअरिंग, गॅस्केट, क्लच. ग्रीसचं नखातलं कुणी काढलं नाही.

पण मी काही जाहिरात करत नाहीये. तोटे आहेत. बसच्या येण्याजाण्यात वेळ जातो, त्याचं बँड सुटलं, एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवायचे कॉलेजच्या पातळीचे, विषय अर्ध्या दिवसात बसवणं अवघड जातं, आणि शाळेतले मित्र हळूहळू वेगळे पडतात. दुसरं, लोकांना या शिक्षणाबद्दल जो संशय आहे तो हवेतून आलेला नाही. अमेरिकेत केंद्र सरकारचा पैसा हायस्कूलच्या धंदेशिक्षणाला १९१७ पासून मिळतो, आणि पुढे कित्येक दशकं गरीब, काळ्या, नव्याने आलेल्या लोकांच्या मुलांना 'तुला हेच जमेल' म्हणून तिकडे ढकललं गेलं. २००६ च्या कायद्यात व्होकेशनल शब्द काढून करिअर अँड टेक्निकल केलं, नावाने सगळं बदलत नाही. त्यामुळे काउन्सेलर आपणहून तुमच्या मुलाला तिकडे पाठवत असेल तर मी दहा प्रश्न विचारीन, मूल स्वतः मागत असेल तर दोनच, कोर्स राज्याने मान्य केलेला आहे का आणि त्यात इंग्लिश-गणित-सायन्सचं क्रेडिट धरतात का. आणि हो, रीजेंट्सची सक्तीच काढून टाकायचं आता राज्यात चाललंय, तेव्हा माझं गणित २०१९ चं समजा, तुमच्या मुलाच्या वर्षाचं शाळेत विचारा.

शिक्का राहिला. टेक्निकल कोर्स मान्यताप्राप्त असेल आणि तीनही भाग पास झालात तर डिप्लोम्यावर तसा वेगळा शिक्का मिळतो. फोटो पाठवला तर अण्णांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, हा कशाचा? मी सांगितलं. म्हणाले आमच्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर पण होता, ट्रंकेत आहे, सापडला की फोटो टाकतो. सापडलं नाही अजून. आत्याने मात्र दुसऱ्याच दिवशी फोन केला. तिचा भाचेजावई नवी गाडी घेतोय, डिझेल घ्यावी की पेट्रोल, जरा विचारून सांग म्हणाली.