कोपऱ्यातलं अक्षर

नववीची परीक्षा संपली तो मे महिना, २००९. सोलापूरचं मे मधलं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही, आणि आम्ही नेमकं त्याच वेळेला डोक्याला रुमाल बांधून सायकलवर अशोक चौकाकडच्या एका कॅफेत जायचो. सहा मशीन, एक कूलर, तासाला वीस रुपये. तिथं कुणीतरी डेव्हिल मे क्राय ४ (डीएमसी ४) हा सैतान मारायचा गेम टाकून ठेवला होता आणि मी त्यात नीरो नावाचा हिरो घेऊन एकच काम करायचो, तलवारीचं बटण दाबत राहायचो, समोरचा मेला की पुढचा. त्या स्केअरक्रो असतात बघा सुरुवातीला, पोत्यात काहीतरी कोंबून शिवल्यासारख्या बाहुल्या, त्या मरतात पण तेवढ्याने. मला वाटायचं जमतंय की आपल्याला.

मामाचा मोठा मुलगा, सुनीलदादा, मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, "तेच तेच काय मारलालास बे, ते अक्षर बघ की जरा."

तोपर्यंत मी स्क्रीनच्या उजव्या बाजूला बघितलंच नव्हतं. तिथं लढाई किती स्टाईलनं चाललीय त्याचं अक्षर येतं, डी सगळ्यात खालचं, मग सी, बी, ए, आणि त्याच्यावर एस, डबल एस, ट्रिपल एस. माझा डी आला होता आणि पुसून जात होता. दादानं कंट्रोल घेतला. तलवारीनं एकाला वर उडवलं, स्वतः उडी मारून हवेतच दोन वार, मग पिस्तूल, तो खाली पडायच्या आत नीरोच्या त्या निळ्या हाताने ओढून घेतला आणि जमिनीवर आपटला, आणि ते अक्षर सी, बी, ए करत वर चढलं. बाहुली तीच होती, मेली पण तेवढीच. पण बघताना अंगावर काटा आला, खरं सांगतो.

त्या दिवसापासून माझा हात बदलला. आणि याच्यावरच मला कधीचं लिहायचं होतं, की एका अक्षरानं माणसाचा हात बदलतो कसा. कारण गेम त्या अक्षरासाठी अडत नाही. पूर्ण गेम डी वर संपवता येतो. शत्रूला मारायला तीन बटणं पुरतात, बाकीचं सगळं, ते उडवणं, हवेत धरून ठेवणं, हत्यार बदलणं, हे त्या कोपऱ्यातल्या अक्षरासाठी आहे. नियम साधा आहे, एकच वार परत परत मारला की त्याचे पॉइंट कमी होत जातात, वेगळा वार मारला की वाढतात, मार खाल्ला की अक्षर खाली येतं, नुसतं उभं राहिलं की पण उतरत जातं. एवढ्या चार गोष्टी. त्याच्यावर माझ्यासारख्या पोरानं मॅन्युअल न वाचता सगळी मूव्ह लिस्ट, म्हणजे सगळे वार, शिकून घेतली, कारण दुसरा वार माहीत असल्याशिवाय अक्षर हलतच नाही.

या मालिकेतला पहिला डेव्हिल मे क्राय २००१ चा, हिदेकी कामिया या जपानी दिग्दर्शकाचा. तो मुळात रेसिडेंट एव्हिल ४ या भुताटकीच्या गेम म्हणून सुरू झाला होता, आणि शत्रूला हवेत उडवून मारत राहायची कल्पना आली ओनिमुशा नावाच्या दुसऱ्या गेममधल्या एका बगमधून, तिथं शत्रू हवेत लटकून राहत होता. चूक बघून त्याच्यावरच अख्खा प्रकार उभा केला. मला हे वाचलं तेव्हा फार आवडलं होतं. तिसऱ्या भागात, २००५ ला, त्यांनी अजून पुढं जाऊन शत्रूला डिवचलं तरी स्टाईल वाढेल असं केलं. म्हणजे समोर सैतान उभा आणि तू वार सोडून त्याला हातानं "ये ये" करतोस, त्यात मार बसायची भीती आहे, पण अक्षर वर जातं. सांगा बरं, असं कोण स्वतःहून करेल? गेम मोजतो म्हणून आपण करतो.

आमचे आण्णा आधी मागावर होते, नगावर मजुरी. नंतर त्याच कारखान्यात टॉवेल चेकिंगला आले. त्यांचं एक काम मी लहानपणी तासन्‌तास बघितलंय, टॉवेल टेबलावर पसरायचा, तळहात उलटा करून त्याच्यावरून फिरवायचा, धागा कुठं ओढला गेलाय, कुठं लूप सुटलाय ते डोळ्याच्या आधी हाताला कळायचं, आणि मग तो माल एक नंबर का सेकंड. ते सांगायचे की मजुरी फक्त नगावर असती तेव्हा माणूस माग पळवतो, आणि सेकंड निघाला की पैसे कापायला लागले की तोच माणूस दर दोन मिनिटाला माग थांबवून कापडाकडं बघतो. माणूस तोच, माग तोच, मोजणी बदलली फक्त.

आता डीएमसी ४ मधे मिशन संपल्यावर एक वेगळं कार्ड येतं. त्यात वेळ, लाल ऑर्ब (वस्तू फोडल्या, शत्रू मारले की निघणारे गोळे) आणि स्टाईल पॉइंट असं तिन्ही धरतात. त्यामुळं आम्ही काय करायचो, खोलीतला प्रत्येक बाक, प्रत्येक खुर्ची फोडत फिरायचो ऑर्बसाठी आणि त्याच वेळेला पळायचो वेळेसाठी. म्हणजे लढाईत एवढा रुबाब आणि लढाई संपली की फर्निचर फोडायचं. पाचव्या भागात, २०१९ ला, मिशनची रँक मुख्यतः स्टाईलवर आणली आणि लगेच ती धावपळ गेली. लोक एका शत्रूला जिवंत ठेवून त्याच्यावर मिनिटभर प्रयोग करत बसायला लागले.

बायोनेटा या गेमचं मात्र मला मनापासून दुखतं, कारण गेम म्हणून तो या सगळ्यात वरचा आहे असं माझं मत. २००९ चा, परत कामियाच, मी मात्र पीसीवर २०१७ ला आला तेव्हा खेळलो. त्यात प्रत्येक लढाईला मेडल आहे, वेळ, कॉम्बो आणि डॅमेज बघून. दगडापासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, आणि सगळ्यात वर प्युअर प्लॅटिनम, त्याला एक पण मार खायचा नाही. मी त्या प्युअर प्लॅटिनमच्या मागं लागलो. एक ओरखडा बसला की रीस्टार्ट. एका चॅप्टरवर तीन संध्याकाळी गेल्या, आईनं जेवायला हाक मारली की "एवढं झालं की आलो" म्हणायचो आणि भाकरी गार व्हायची. शेवटी मिळालं. आणि मिळाल्यावर लक्षात आलं की मी काय खेळत होतो, मी शत्रूच्या पासून लांब उभा राहून त्याच्या वाराची वाट बघायचो, शेवटच्या क्षणाला चुकवून विच टाइम मिळवायचा (त्यात शत्रू थोडा वेळ एकदम संथ होतात), तेवढ्यात पाठ केलेले वार, परत लांब. त्या गेममधली सगळ्यात देखणी गोष्ट, डॉज ऑफसेट, वाराचं बटण धरून चुकवायचं आणि कॉम्बो तुटू न देता पुढं न्यायचा, ती मी वापरलीच नाही, कारण धोका नको होता. माझ्याकडं प्युअर प्लॅटिनम होतं आणि माझा खेळ भित्रा होता.

म्हणून माझं मत असं बनलंय की लढाई चालू असताना दिसणारं अक्षर माणसाला धीट करतं, कारण पडलं तर दोन सेकंदात परत चढवता येतं. शेवटी कायमचं चिकटणारं कार्ड माणसाला जपून वागायला लावतं. दोन्हीला आपण रँक म्हणतो, पण हाताला दोन्ही वेगळ्या वाटतात. आणि अक्षर फार सोपं पण असून चालत नाही, याच मालिकेचा नव्यानं सुरू केलेला २०१३ चा डीएमसी आठवा, त्यात ट्रिपल एस पटकन यायचा आणि आला की सहजी उतरायचा नाही, मग नवीन वार शोधायची गरजच संपली. २०१५ च्या सुधारलेल्या डेफिनिटिव्ह एडिशनमधे अक्षर अवघड करणारा हार्डकोअर मोड दिला तेव्हा तोच गेम परत जिवंत वाटला मला. अल्ट्राकिल या बंदुकीच्या गेमनं तर वाराऐवजी बंदुकीला ताजेपणा लावलाय, एकच बंदूक वापरत राहिलात की ती शिळी होते, हा शब्द बरोबर बसतो बघा. आणि गॉड हँड, २००६ चा, त्यात चांगलं खेळलं की लेव्हल वाढते आणि शत्रूच जास्त मारायला लागतात, म्हणजे शाबासकी म्हणून मोठा मार. इतका प्रामाणिक गेम मी दुसरा बघितला नाही.

गेल्या महिन्यात मी एक केलं. डीएमसी ५ लावला आणि मॉनिटरवर जिथं अक्षर येतं तिथं वहीचा कागद फाडून सेलोटेपनं चिकटवला. बघायचं होतं की अक्षर दिसलं नाही तर हात काय करतो. पहिल्या दिवशी सवयीनं नजर तिकडं जायची आणि कोऱ्या कागदावर आपटायची, त्यात दोनदा मार खाल्ला. पण वार बदलत होते, आपोआप. एक मारला की त्याच्यानंतर तोच मारायला हाताला नकोच वाटायचं.

आणि मग ते गाणं. या भागात रँक वर गेली की संगीत पण वर जातं आणि एसला पोचलं की कोरस फुटतो. पंखा फुल, बाजूच्या कारखान्यातून मागाची खटखट भिंतीतून येतेय, हेडफोन एका कानावर, आणि कागद तसाच चिकटलेला असताना एकदम तो कोरस आला. मला अक्षर दिसत नव्हतं पण कळलं. आता कागदाचा एक कोपरा सुटलाय, पण मी अजून काढला नाही.